खालून उत्तर येईपर्यंत

बंबखान्यात नोकरी केली असं सांगितलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला. "आगीत किती वेळा उडी मारलीत हो?" मी म्हणतो, एकदाही नाही. मग समोरच्याचा चेहरा पडतो. "मग तिथे करत काय होतात?" दोरी धरत होतो. एवढं ऐकून माणसं विषय बदलतात आणि मुलांच्या परीक्षांची चौकशी करतात. या अंकाच्या संपादकबाईंचाही चेहरा पडला होता, पण त्यांनी नुकताच चहा मागवला होता, त्यामुळे त्यांना उठता येईना. तेवढ्या वेळात मी त्यांना काळाचौकीची हकीकत सांगितली आणि फसलो. आता म्हणतात, लिहूनच द्या.

आग हा आमचा अर्धाच धंदा, उरलेला अर्धा जमिनीखाली. विहिरी, टाक्या, तळघरं, गिरणीच्या बॉयलरपासून चिमणीपर्यंत जाणारे धुराचे बोगदे आणि रस्त्यांखालून समुद्राकडे जाणारे पावसाळी पाण्याचे दगडी बोगदे. अशा जागी माणूस अडकला की आमच्यातला एक खाली उतरतो आणि एक वर त्याची दोरी धरतो. उतरणाऱ्याच्या गळ्यात हार पडतात. दोरीवाल्याचं काम मुख्यतः 'नाही' म्हणायचं. आत्ता उतरायचं नाही, इथून उतरायचं नाही, दुसऱ्यानं तर अजिबात उतरायचं नाही. असल्या माणसाला हार कोण घालणार? माझ्या बायकोचं तर म्हणणं होतं की नोकरीत लागलेली ही खोड मी घरीही आणली.

खाली माणसाला मारतं ते बहुधा पाणी नव्हे, हवा. बंद जागेत साचलेली हवा दिसत नाही. गटाराच्या गॅसला सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि नवशिक्याला वाटतं, वास येईनासा झाला म्हणजे हवा साफ झाली. अरे बाबा, हवा साफ झाली नाही, तुझं नाक मेलं! म्हणून आम्ही आधी जाळीचा दिवा दोरीनं खाली सोडायचो. ज्योत मंदावली की माणूस वरच. दादरला एका केळीवाल्याच्या तळघरात त्याचा हमाल बेशुद्ध पडला होता. केळी पिकवायला धुरी करून मालकानं फटी सारवून बंद केल्या होत्या. आम्ही दार उघडून हवा खेळवायला लागलो तर मालक आडवा. "साहेब, दार नका उघडू, माल काळा पडेल!" मी म्हटलं, "शेठ, आधी तुमचा हमाल काळा पडतोय." हमाल वाचला. केळी काळी पडली, आणि मालकानं त्यातलाच एक घड आमच्या गाडीत ठेवला. कौतुक म्हणून की राग म्हणून, ते कळलं नाही.

सगळ्याच गोष्टी अशा हसण्यावारी गेल्या नाहीत. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी गिरगावातल्या एका वाडीत विहीर उपसताना एक जण आत कोसळला. त्याला काढायला त्याचा भाऊ उतरला. भावाला काढायला शेजारी उतरला. आम्ही पोचलो तेव्हा तिघंही खाली, आणि चौथा कंबर कसून काठावर तयार. त्या चौथ्याला मी मिठी मारून धरून ठेवलं. त्यानं मला चावा घेतला, शिव्या दिल्या, पण मी सोडला नाही. तिघांतला एकही वाचला नाही. तेव्हापासून माझा नियम पक्का झाला की हवा कळल्याशिवाय आणि दोरीशिवाय दुसरा माणूस खाली जाणार नाही, मग खाली माझा बाप का असेना.

माझा उतरणारा होता सखाराम कांबळे. नायगावच्या बीडीडी चाळीतला, काटक, बोलायला फटकळ. मी परळचा, मूळचा मालवणकडचा. मी त्याला सख्या म्हणायचो, तो मला दत्ता. दोरी तपासताना मी फार वेळ लावतो म्हणून तो चिडवायचा. "दत्ता, दोरी तपासतोयस की मुलगी बघायला आलायस?" आमची भाषा दोरीच्या हिसक्यांची. एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे दोरी सोड. तीन म्हणजे ओढ. चार म्हणजे दुसरी दोरी पाठव. सात वर्षं आम्ही या चार शब्दांवर काढली आणि आमचं कधी भांडण झालं नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. लालबाग-परळात रोज सभा, रोज मोर्चा. चाळीच्या जिन्यावर चार बायका पाणी भरायला जमल्या तरी निघताना घोषणा व्हायची. आम्हाला युनिफॉर्मात घोषणा द्यायला बंदी होती. मी ओठ मिटून मनातल्या मनात द्यायचो. सखाराम तेवढंही करायचा नाही. "युनिफॉर्म म्हणजे युनिफॉर्म," म्हणायचा.

एका दुपारी वर्दी आली ती ऐकून आमचा टेलिफोनवालाच गोंधळला. काळाचौकीच्या रस्त्याखालून घोषणा ऐकू येताहेत! आम्ही गेलो. शे-दोनशे माणसं रस्त्यावर गोल करून उभी, सगळ्यांचे कान जमिनीकडे. आणि खरंच हो, मॅनहोलच्या झाकणाखालून खणखणीत आवाज येत होता, "झालाच पाहिजे!" एक आजी हळदकुंकू घेऊन आल्या होत्या. त्यांना वाटलं, जागृत स्थान सापडलं.

तो आवाज होता रघुनाथ नाईकांचा. गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, मोर्चात घोषणा द्यायला सगळ्यात पुढे. आवाज असा की सगळे त्यांना भोंगा नाईक म्हणत. मोर्चाची पांगापांग झाली तेव्हा पळता पळता ते दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेल्या पावसाळी बोगद्यात गेले. पुढे आयुष्यभर ते सांगायचे की मी ठरवून भूमिगत झालो. माझ्या मते पडले. आत वाट चुकून बरेच पुढे गेले, आणि तिथे वाहून आलेल्या फळ्यांत पाय अडकून गुडघ्यातून मुरगळला. मग त्यांनी एकच शहाणपण केलं. वरून कोणीही "संयुक्त महाराष्ट्र" म्हटलं की खालून "झालाच पाहिजे" म्हणायचं.

मी लोकांना सांगितलं, "हे चालू ठेवा. दर मिनिटाला एकदा." माणूस किती शुद्धीवर आहे ते मला वर बसून कळत होतं. असा सोयीचा अडकलेला माणूस मला पुन्हा कधी मिळाला नाही.

झाकण उघडून दिवा सोडला तर तळाशी ज्योत मंदावली. हवा वाईट. श्वासाचे दोन्ही संच दुसऱ्या गाडीबरोबर गेले होते, ती गाडी परळला आग विझवत होती. त्यात पुन्हा भरती. तो बोगदा शिवडीच्या खाडीत उघडतो, आणि भरती चढली की समुद्राचं पाणी उलटं आत शिरतं. आमच्या कोकणात हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. त्या दिवशी पंचमी. म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती, आणि पाणी बोगद्यात चढायला लागणार अडीचच्या सुमाराला. घड्याळात दीड वाजला होता.

हवा घालायची कशानं? मी इकडेतिकडे बघितलं आणि मला मोर्चाचा कापडी फलक दिसला. चांगला वीस हात लांब, जाड मांजरपाट, वर लाल अक्षरं. गलबताचं शीड बघितलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? पश्चिमेचा वारा सुटला होता. फलक मॅनहोलवर तिरपा धरला तर वारा अडून खाली घुसेल, आणि पुढचं खाडीकडचं झाकण उघडलं की वाईट हवा तिकडून निघेल. फलकाचा ताबा होता बाळा परब नावाच्या कार्यकर्त्याकडे. हा गणेशमंडळाचाही पुढारी. तो म्हणाला, "फलक देतो, पण जमिनीला लागता कामा नये. आम्ही शपथ घेतलीय."

"बाळा, वर धर, खाली धर, पण वारा आत घाल," मी म्हटलं.

फलक चढला, वारा घुसला, पाच मिनिटांनी दिवा पुन्हा सोडला तर ज्योत सरळ उभी. मी सखारामची दोरी तिसऱ्यांदा तपासली. "मुलगी पसंत आहे ना?" तो म्हणाला आणि उतरला. दोरी ओढायला मी मंडळाची सहा माणसं निवडली. गणपतीची गाडी ओढणारी माणसं एका तालात ओढतात, हिसडा देत नाहीत. सातव्याला हात लावू दिला नाही. बरेच रुसले.

एक हिसका. दोन. पुन्हा एक. सगळं नीट चाललं होतं. नाईकांचं "झालाच पाहिजे" मात्र बारीक व्हायला लागलं. मग चार हिसके आले, दुसरी दोरी हवी. मी मागे हात केला आणि म्हटलं, "दुसरी दोरी द्या."

कोणी काही देईना. मागे वळून बघतो तर दुसरी दोरी वर! फलक जमिनीला लागू नये म्हणून बाळानं आमची जीव वाचवायची दोरी घेऊन फलक दिव्याच्या खांबाला टांगला होता. गाठ मारली होती एका विणकरानं. विणकराची गाठ तुम्ही बघितली नसेल. जितका ताण पडेल तितकी ती घट्ट होते, आणि तिच्यावर अख्ख्या पश्चिमेच्या वाऱ्याचा ताण होता.

"अरे गाढवा, ही दोरी घ्यायला तुला सांगितलं कुणी?"

"तुम्हीच म्हणालात ना, वर धर म्हणून!"

चूक त्याची नव्हती. राखीव दोरीवर नजर ठेवणं हे माझं काम, आणि मी एकदाही मागे बघितलं नव्हतं. आणि मग मी दुसरी चूक केली, पहिलीपेक्षा मोठी. मी ओरडलो, "फलक खाली घ्या, दोरी सोडा!" फलक खाली आला आणि त्याबरोबर खालची हवा बंद झाली. हे माझ्या डोक्यात आलं नाही. पंधरा वर्षं दोरी धरणारा माणूस मी, आणि माझ्या डोक्यात आलं नाही. ही गोष्ट मला अजून झोंबते.

गाठ सुटेपर्यंत तीन हिसके आले. ओढ! सहा जणांनी ओढलं. वर आले भोंगा नाईक. कंबरेला सखारामची दोरी, सखारामचीच गाठ, गुडघा सुजलेला, चेहरा निळसर. सखाराम नाही. आपली दोरी सोडून त्यानं नाईकांना बांधलं होतं.

लोकांनी नाईकांना उचललं, जयजयकार सुरू झाला. मी खाली हाका मारत होतो. "सख्या! ए सख्या!" उत्तर नाही. खालून पाण्याचा खळखळाट यायला लागला होता. घड्याळात अडीच.

गर्दीच्या लक्षात आलं. कोणीतरी म्हणालं, "बंबवाले, उतरा ना!" दुसरा म्हणाला, "आपला माणूस खाली आणि हा घड्याळ बघतोय!" खरं सांगतो, माझे पाय काठावर आले होते. कंबरेला दोरी नव्हती, हवा कळत नव्हती, आणि तरी मी उतरलो असतो. नाईकांची बायको तेवढ्यात पुढे आली. आता ही आपल्याला शिव्या घालणार म्हणून मी मान खाली घातली. पण ती माझ्यावर नाही, गर्दीवर ओरडली, "मेल्यांनो, तोंडा काय चालवतास? आधी वारो घाला! तो झिल हवेविना मरतलो!" आणि तिनं फलकाचं टोक पकडलं. तिचा नवरा वर आला होता, तिला घरी जाता आलं असतं. पण चाळीतल्या दहा-बारा बायका तिच्यामागे आल्या, चादर झटकायला धरतात तसा फलक त्यांनी धरला, जमिनीला लागतो की नाही ते कोणी बघितलं नाही, आणि वारा पुन्हा खाली घुसला. मी काठावरून मागे सरलो.

गर्दी खाली वाकून ओरडली, "संयुक्त महाराष्ट्र!" उत्तर नाही. पुन्हा ओरडली. मी म्हटलं, थांबा, तो देणार नाही. गॅसनं गुंगलेल्या माणसाला विचार करून बोलता येत नाही. नाईक अर्धवट शुद्धीत उत्तर देत होते, कारण ती घोषणा त्यांच्या जिभेवर बसली होती. तोंडातून ते आपोआप येत होतं. सखारामच्या तोंडून आपोआप काय येईल?

मला ते माहीत होतं. रोज सकाळी बंबखान्यात येताना तो तेच म्हणायचा. त्यानं घरच्यांबरोबर दीक्षा घेतली, आणि परत कामावर आला त्या सकाळी मला म्हणाला, "जय भीम, दत्ता." मी म्हणालो, "राम राम." दुसऱ्या दिवशी तेच. वर्षभर तेच. माझ्या मनात वाईट काही नव्हतं, असं मी स्वतःला सांगायचो. खरं कारण साधं आणि हलकट आहे. बाकीचे काय म्हणतील याची मला लाज वाटायची. ज्या माणसाचा जीव रोज माझ्या हातात असायचा, त्याला मी दोन शब्द देत नव्हतो.

मी मॅनहोलवर आडवा पडलो, तोंड आत घातलं आणि जितकं ओरडता येईल तितकं ओरडलो, "सख्या! जय भीम!"

काही नाही. पुन्हा ओरडलो. आणि आवाज आला. बारीक, घोगरा, झोपेतल्यासारखा. "जय भीम."

पण आवाज माझ्या खालून आला नव्हता! पुढचं खाडीकडचं झाकण उघडं होतं, चाळीस-पन्नास पावलांवर. आवाज तिथून आला. हातातला दिवा विझल्यावर अंधारात सखारामची दिशा चुकली होती आणि तो समुद्राकडे निघाला होता. मी इकडून उतरलो असतो तर रिकाम्या बोगद्यात शोधत बसलो असतो, आणि आज संपादकबाईंचा चहा वाचला असता.

सुटलेली दोरी आणि दिवा घेऊन आम्ही पुढच्या मॅनहोलकडे धावलो. दोरीला फास करून, शेजारी दिवा बांधून खाली सोडला. मी ओरडलो, उत्तर आलं, जरा जवळून. मग मला ओरडायची गरजच उरली नाही. बाळा परब माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसला आणि त्यानं हाक दिली. त्याच्यामागून मंडळाची माणसं, मग गिरणीची, मग मागे पहिल्या मॅनहोलवर फलक धरून उभ्या असलेल्या बायका. कोकणातल्या शंभर-दीडशे माणसांचा एकच आवाज त्या भोकात उतरत होता, "जय भीम!" दर वेळी आम्ही श्वास धरून थांबायचो, आणि दर वेळी खालून उत्तर यायचं, थोडं जवळून, थोडं ओलं. एकदा आलं नाही. कोणी हललं नाही. मग पाण्यात पाय आपटल्याचा आवाज झाला, दोरीला वजन लागलं आणि तीन हिसके आले. इतके नीट, मोजून दिलेले तीन हिसके मी जन्मात अनुभवले नव्हते.

वर आला तेव्हा पाणी त्याच्या छातीपर्यंत पोचल्याची खूण सदऱ्यावर होती. रस्त्यावर पालथा पडून त्यानं पोटातलं सगळं बाहेर काढलं. मी त्याची पाठ चोळत होतो आणि तोंडानं शिव्या देत होतो. "दोरी सोडायची नाही, कितीदा सांगितलंय? नियम तुला पाठ नाहीत? मेला असतास म्हणजे?" मी रडत होतो, युनिफॉर्मात, सगळ्यांसमोर. त्यानं एक डोळा उघडला.

"वर्षभर वाट बघितली, दत्ता," तो म्हणाला. "तुझ्या तोंडून ऐकायला गटारात मरायला लागतं होय रे?"

मी त्याची पाठ चोळत राहिलो. लोक हसले, त्यांना वाटलं, बंबवाल्यांची आपसातली थट्टा आहे. हार आले. एक सखारामच्या गळ्यात, एक भोंगा नाईकांच्या. नाईकांचा आवाज पुढे पंधरा दिवस बसला होता आणि त्यांची बायको सांगायची की ते पंधरा दिवस घरात फार सुखाचे गेले.

सखारामनं तीन दिवस रजा घेतली. चौथ्या दिवशी सकाळी हजेरीला सगळे अंगणात रांगेत उभे होते. अधिकारी समोर, हजेरीचं पुस्तक उघडलेलं. सखाराम फाटकातून आत आला. रांगेतले सगळे बघत होते. आज गॅस नव्हता, भरती नव्हती, कोणाचा जीव जात नव्हता. ओरडायला काहीच कारण नव्हतं. मॅनहोलवर लागलं नव्हतं इतकं बळ मला तेव्हा लागलं. पण मी म्हटलं, आणि चांगलं मोठ्यानं म्हटलं, "जय भीम, सख्या!"

सखारामनं घाई केली नाही. टोपी नीट केली, पट्टा सरळ केला, रांगेत माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"जय भीम, दत्ता," तो म्हणाला. "आणि आवाज जरा कमी ठेव. आज मी वरच आहे."